बाबूजींची 32 पानं : नागपूरच्या महाल भागातल्या एका स्मरणपुस्तिका सेवेचं परीक्षण

पुस्तिका हातात आली की आधी पान 9 उघडावं. त्यावर फोटो नाही. जून 1987 च्या हिशेबाच्या वहीतलं एक पान, आहे तसं, पानभर छापलंय. निळ्या शाईत एकाखाली एक नोंदी : दूध, किराणा, घरभाडं, मोठ्याची फी, मधल्याची पुस्तकं, धाकटीचा गणवेश. शेवटून तिसऱ्या ओळीत "चप्पल शिलाई 2 रु. (माझी)". खाली रेघ, रेघेखाली बाकी. पानाला मथळा नाही, स्पष्टीकरणाची एक ओळही नाही. एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात आयुष्य गेलेल्या माणसानं घर कसं ओढलं ते इथे कळतं. शंभर पानांतून हे एक पान ज्यानं निवडलं, त्याला आपलं काम येतं हेही कळतं.

हे परीक्षण महालातल्या एका छोट्या छापखान्याच्या स्मरणपुस्तिका सेवेचं आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं हा त्यांचा रोजचा धंदा; पुस्तिका ते जोडीला करतात. दुकानाचं आणि कुटुंबाचं नाव इथे दिलेलं नाही, कारण पुस्तिका घरातल्या माणसांसाठी आहे आणि तिच्यातल्या चुकाही खाली सांगायच्या आहेत. 80 व्या वर्षी गेलेल्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला वाटायला तीन मुलांनी मिळून ती करून घेतली. घरात आणि वस्तीत त्यांना सगळे बाबूजीच म्हणत.

मुलांनी पहिल्यांदा नेऊन दिलेला मजकूर दीड पानाचा होता. त्यात "कष्टाळू" 7 वेळा, "कुटुंबवत्सल" 4 वेळा आणि "हसतमुख" 2 वेळा. असा मजकूर बहुतेक दुकानांत तसाच टाइप होतो, वर फुलांची चौकट आणि खाली समईचं चित्र येतं, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तिका तयार. इथे मजकूर पाहणाऱ्या बाईंनी प्रत्येक "कष्टाळू"समोर पेन्सिलीनं "म्हणजे काय?" एवढंच लिहिलं आणि कागद परत दिला. सेवेचं खरं मोल इथेच आहे. पुढचं सगळं काम या दोन शब्दांतून निघालं.

प्रश्नांचा त्यांचा स्वतःचा एक कागद आहे. तुमचे वडील कसे होते, हा प्रश्न त्यात नाही. रात्रपाळी असली की दिवसा कुठे झोपायचे? पगाराचं पाकीट घरात कोणाच्या हातात जायचं? सायकल कोणती, पंक्चर स्वतः काढायचे का? घरातली कोणती वस्तू त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि ती अजून चालते? स्वतःसाठी शेवटची काय वस्तू घेतली? डब्यात काय न्यायचे आणि डबा कोण भरायचं? असे 26 प्रश्न. उत्तरं तिन्ही मुलांकडून आणि आईकडून वेगवेगळी घेतली, एकत्र बसवून नाही. हे फार योग्य केलं. एकत्र बसवलं की थोरला बोलतो आणि बाकीचे मान हलवतात.

धाकटीच्या उत्तरातलं एक वाक्य पुस्तिकेत जसंच्या तसं ठेवलंय : "बाबूजी झोपून राहिले म्हणजे घरात रेडिओ लागत नव्हता न, आई कुकरची शिटीबी काढून ठेवे." ते "झोपून राहिले" आणि ते "शिटीबी" पुण्याच्या भाषेत धुऊन काढलं नाही, याबद्दल दुकानाचे आभारच मानायला हवेत. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाच्या झोपेसाठी अख्खं घर कसं दबक्या पावलानं चालायचं, ते दोन ओळींत आलं. आणखी एक. "बाबूजी फार मोठ्यानं बोलायचे" असं तिघांनीही लिहिलं होतं आणि मुलांच्या मनात तो स्वभावाचा भाग होता. बाईंनी खातं कोणतं ते विचारलं आणि खाली एक ओळ जोडली : लूमच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या विणकराचे कान जातात, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्यानं बोलतो. नातवंडांना माहीत असलेले आजोबा या एका ओळीनं बदलले असतील.

कागदपत्रांचं काम हा पुस्तिकेचा सगळ्यात भक्कम भाग. पत्र्याच्या पेटीतून आलेले 63 कागद आधी क्रमांक घालून यादीत उतरवले. क्रमांक कागदावर लिहिला नाही. बटर पेपरच्या पाकिटावर लिहिला आणि कागद आत ठेवला. टाचण्या काढल्या, कारण गंजलेली टाचणी स्कॅनरच्या काचेवर ओरखडा पाडते आणि कागदही खाते. सेलोटेप लावलेले कागद मात्र ओढून सोडवले नाहीत, टेपसकट स्कॅन केले. पिवळी पडलेली टेप ओढली की शाई तिच्याबरोबर निघते.

मग तारखा जुळवल्या. घरचे म्हणत 40 वर्षं नोकरी झाली. भविष्यनिर्वाह निधीच्या पावतीवरून 36 भरत होती. 1966 पासून 2002 मध्ये मिल बंद झाली तोपर्यंत. असा फरक आला की दुकानं सहसा घरच्यांचा आकडा छापतात किंवा कागदावरचा. इथे पेटीतलं बदली कामगाराचं कार्ड सापडेपर्यंत पान थांबवलं. 1962 ते 1966 ही चार वर्षं बाबूजी बदलीवर होते. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेतील, नाहीतर परत. कायम झाल्यावर निधी सुरू झाला. म्हणजे दोन्ही आकडे खरे होते. अठराव्या वर्षापासून चार वर्षं रोज फाटकावर जाऊन उभं राहणारा मुलगा या चौकशीतूनच सापडला; मुलांना त्याची माहितीच नव्हती.

दुसरी शंका पगाराच्या पावत्यांची. 1986 नंतरच्या पावत्यांवर मालकाचं नाव वेगळं, त्यामुळे मधल्या मुलानं लिहिलं होतं की बाबूजींनी नोकरी बदलली. बदलली नव्हती. त्या वर्षी मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. माणूस तोच, खातं तेच, पावतीचा माथा बदलला. तिसरी शंका शाळेच्या दाखल्याची. 1955 च्या दाखल्यावर "मध्यप्रदेश" छापलेलं पाहून नातवानं तो चुकीचा समजून बाजूला ठेवला होता. 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रदेशातच होतं, राजधानीच होती. नागपूरकर घरांतल्या जुन्या कागदांवर हे हमखास दिसतं, तेव्हा असे कागद बाद करू नका.

मिलबद्दल पहिल्या मांडणीत दोन पानांचा इतिहास घातला होता, कुठून तरी उचललेला. तो दुसऱ्या प्रुफात अर्ध्या पानावर आणला हे बरं झालं. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली, व्हिक्टोरिया राणीच्या पदवीवरून नाव पडलं, जुम्मा तलावाजवळच्या तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे, एवढं पुरे. त्या मॉलमध्ये सिनेमाला जाणाऱ्या नातवंडांना आपण कुठे उभे आहोत ते कळलं, मिलच्या पानाचं काम झालं. पुस्तिका बाबूजींची आहे, टाटांची नाही.

2002 ते 2011 या नऊ वर्षांचं पान घरच्यांना नको होतं. मिल बंद झाली तेव्हा बाबूजी 58 वर्षांचे, धाकटीचं लग्न व्हायचं होतं, आणि त्यांनी इतवारीतल्या एका गोदामावर रात्रीची चौकीदारी धरली. "ते नका टाकू, लोक काय म्हणतील" असं थोरल्याचं म्हणणं. बाईंनी वाद घातला नाही. तेवढ्याच काळातलं पासबुक काढून समोर ठेवलं. दर महिन्याच्या 7 ते 10 तारखेत एक ठरावीक रक्कम जमा, 2006 मध्ये एकदाच मोठी रक्कम बाहेर, पुढच्या महिन्यापासून जमा पुन्हा सुरू. पान राहिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षापासून नऊ वर्षं काठी-टॉर्च घेऊन जागलेल्या माणसाचं पुस्तक त्या जागरणाशिवाय काढणं हा त्याच्यावर अन्याय झाला असता, आणि इथे दुकान घरच्यांपेक्षा बाबूजींच्या बाजूनं उभं राहिलं.

छापताना मात्र पासबुकाचा खाते क्रमांक, निधीचा क्रमांक आणि पेन्शन आदेशाचा क्रमांक झाकले. झाकताना वर नुसता काळा चौकोन ठेवून पीडीएफ पाठवली तर तो चौकोन उचलून खालचा आकडा वाचता येतो. म्हणून आधी स्कॅनमध्येच आकडा खोडून मग पान जुळवलं. बाबूजींमागे आईला कुटुंब पेन्शन मिळते, तेव्हा ही काळजी शोभेची नाही. तुमच्या पुस्तिकेत आधार कार्डाचा फोटो कोणी "पुरावा" म्हणून घालत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

आता फोटो. इथे सेवा घसरली, आणि का घसरली ते समजून घेण्यासारखं आहे.

एकूण 41 फोटो स्कॅन झाले. स्कॅनिंग नीट आहे. पोस्टकार्ड आकाराचे 600 डीपीआयला (म्हणजे इंचामागे 600 ठिपके), पासपोर्ट आकाराचे 1200 ला. हिशेब सोपा आहे : पासपोर्ट फोटो 35 मिलिमीटर रुंद, 1200 ला स्कॅन केला तर साधारण 1650 पिक्सेल मिळतात आणि छपाईच्या 300 डीपीआयला तो 14 सेंटिमीटरपर्यंत वाढवता येतो. 600 ला घेतला असता तर सातच सेंटिमीटर. मुखपृष्ठावरचा बाबूजींचा चेहरा मिलच्या पासवरच्या एवढ्याशा फोटोतून आलाय आणि तो फुटलेला दिसत नाही. काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला नाही, फ्रेममधून काचेसकट काढून स्कॅन केला. हे बरोबरच. पावसाळ्यात ओल धरून फोटोचा थर काचेला चिकटतो. ओढला की चेहऱ्याचाच पापुद्रा काचेवर राहतो. मोबाइलवरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की दाबले जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवले.

चूक झाली ती दुरुस्तीत. 1978 च्या स्टुडिओतल्या कुटुंबाच्या फोटोवर बुरशीचे ठिपके होते. ते काढायला फोटो एका स्वयंचलित सुधारणेच्या ॲपमधून काढला. ठिपके गेले, रेषा कडक झाल्या, आणि बाबूजींच्या डाव्या भुवईतली खोकही गेली. ती खोक 1974 मध्ये लूमवरचा धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) उडून लागल्याची. ॲपला ती बुरशीसारखाच डाग वाटली. भुवई सलग झाली, गाल गुळगुळीत झाले, आईच्या कपाळावरचं गोंदण पुसट झालं. फोटोतला माणूस बाबूजींसारखा दिसणारा कोणी दुसराच झाला. आईनं प्रुफ पाहून "हे नव्हेत" म्हटलं तेव्हा दुकानाच्या लक्षात आलं.

दुरुस्ती पुन्हा हातानं केली, फक्त ठिपक्यांपुरती, चेहऱ्याला हात न लावता. छापलेला फोटो थोडा मऊ, थोडा पुसट आहे आणि तोच खरा आहे. पण ही अदलाबदल दुकानानं स्वतः पकडायला हवी होती. मूळ आणि सुधारलेला फोटो शेजारी शेजारी ठेवून भुवया, दात, कानाची पाळी, तीळ आणि गोंदण या पाच जागा तपासायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही कुठेही काम द्या, "चेहऱ्यावर ॲप चालवायचं नाही" हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या.

हिशेबाच्या वहीच्या बाबतीत उलट त्यांनी फार चांगलं भान ठेवलं. जुना कागद पांढराशुभ्र करायच्या नादात पेन्सिलीच्या नोंदी उडतात. पान 9 रंगीत स्कॅन करून कागदाचा तपकिरीपणा तसाच ठेवलाय, म्हणूनच ती "माझी" वाचता येते. ती पेन्सिलीत आहे.

अक्षरजुळणीचं पहिलं प्रूफ वाईट होतं. कुटुंबानं मजकूर युनिकोडमध्ये दिला, दुकानाची जुनी सवय वेगळ्या फाँटची, मधे रूपांतर झालं आणि "तिसऱ्या पाळीला" हे सगळीकडे "तिसर्या पाळीला" झालं. मराठीतला हा अर्धा र रूपांतरात कायम मार खातो. "दुसऱ्या", "सुऱ्या", "तऱ्हा" हे शब्द प्रुफात शोधून शोधून पाहावेत. तीन पानांवर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली होती. जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केलेली नसली की असं होतं, आणि ती चालू केल्यावर ते सुटलं. तीन प्रुफं झाली तरी पान 27 वर एक "तिसर्या" राहिलाच.

नावाआधीचा शब्द हा वेगळा विषय आहे. दुकानाच्या साच्यात "कै." आपोआप येतो. या घराला तो चालला. नागपुरात बौद्ध घरं मोठ्या संख्येनं आहेत. तिथे "कालकथित" हवं, आणि कार्यक्रमाला वर्षश्राद्ध न म्हणता पुण्यानुमोदन म्हणतात. दुकानानं हे ऑर्डर घेतानाच विचारायला हवं. या दुकानाच्या प्रश्नपत्रिकेत ते नाही.

तारखेचंही तसंच. वर्षश्राद्ध तिथीनं येतं, आणि अधिक महिना मधे नसेल तर इंग्रजी तारखेच्या साधारण 11 दिवस आधी येतं. दुकानानं सुरुवातीला तारखेवरून मुदत दिली होती. आईनं कालनिर्णय दाखवल्यावर ती मागे घेतली. पुस्तिकेवर तिथी आणि तारीख दोन्ही छापल्यात, ते हवंच.

कागद आतला 130 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅट आर्ट, कव्हर 300 जीएसएम, वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉस न घेण्याचा सल्ला दुकानाचाच, आणि तो बरोबर : ट्यूबलाइटखाली ग्लॉसवर जुना फोटो चमकतो आणि चेहरा दिसत नाही. बांधणी सेंटर पिनची, म्हणजे मधल्या घडीवर दोन पिना, ए-फाइव्ह आकार. कव्हरला घडीआधी क्रीझ, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ, मारलेली असल्यानं कण्यावर लॅमिनेशन फुटलेलं नाही. सेंटर पिनच्या बांधणीत मधली पानं घडीच्या जाडीमुळे बाहेर येतात आणि कटिंगमध्ये मिलिमीटरभर जास्त कापली जातात. त्याचा अंदाज न घेतल्यानं पान 16 आणि 17 वरचे पृष्ठांक काठाला टेकलेत. या बांधणीत पानं चारच्या पटीत लागतात हे लक्षात ठेवा. 30 पानांचा मजकूर असेल तर उरलेली दोन पानं नातवंडांच्या चित्रांनी किंवा समईनं भरू नका. एखादा कागद मोठा छापा.

बिल असं : स्कॅनिंग 41 फोटोंचं प्रत्येकी 40 प्रमाणे 1,640, मांडणी 32 पानांची प्रत्येकी 200 प्रमाणे 6,400, आणि डिजिटल छपाई 150 प्रतींची प्रत्येकी 118 प्रमाणे 17,700. एकूण 25,740 रुपये. कागदपत्रांच्या स्कॅनिंगचे आणि प्रश्नोत्तरांच्या तासांचे पैसे वेगळे लावले नाहीत, आणि खरं तर लावायला हवे होते. ज्या कामामुळे ही पुस्तिका दुसऱ्या पुस्तिकांहून वेगळी झाली ते काम बिलात कुठेच नाही. पहिल्या भेटीपासून गठ्ठे हातात येईपर्यंत 38 दिवस लागले. तेरवीच्या तेरा दिवसांत असं काम होत नाही. तेरवीला एकपानी पत्रक काढावं आणि पुस्तिका वर्षश्राद्धाला ठेवावी.

63 कागद यादीप्रमाणे मोजून परत मिळाले. स्कॅनच्या मूळ, पूर्ण दर्जाच्या टिफ फाइली पेन ड्राइव्हवर मागितल्या तर दिल्या, स्वतःहून दिल्या नव्हत्या. मागून घ्या, पुढच्या पिढीला पीडीएफ पुरत नाही.

शेवटची गोष्ट दुकानानं न सांगता केली. आईसाठी एकच प्रत ए-फोर आकारात काढली. 12 पॉइंटचं अक्षर त्यात 17 पॉइंटचं होतं. तिला सेंटर पिनऐवजी स्पायरल लावली, म्हणजे उघडलेलं पान पूर्ण मागे दुमडून मांडीवर सपाट ठेवता येतं आणि वाचताना एक हात मोकळा राहतो.